रांगेतल्या घागरी

पाणी खात्याचे साहेब दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी येणार हे कळलं तेव्हा नगरपालिकेच्या दुरैकण्णूंनी फोन खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. वर्षात एवढे दिवस पडलेत, पण मद्रासच्या माणसाला नेमका हाच सुचायचा! एरवी आमच्या वेळ्ळिपाळयममध्ये सकाळी आठचा भोंगा झाला की रस्ता ओलांडताना देवाचं नाव घ्यावं लागतं. बनियनच्या कंपन्या, रंगाचे कारखाने, शिलाईची दुकानं, जिकडं बघावं तिकडं माणूस. पण दिवाळीच्या आदल्या दिवशी बोनस हातात पडला की संध्याकाळपर्यंत गाव रिकामं होतं. कंपन्यांना दहा दिवस कुलूप आणि माणसं मिळेल त्या बसला लोंबकळत आपापल्या मुलखाला. मागं राहतात कुत्री, पहारेकरी आणि आम्ही चार जुनी घरं.

"संपलं, टीचर," दुरैकण्णू मरगतमला म्हणाले. "साहेब येणार, रिकाम्या गल्ल्या बघणार आणि आपला आकडा फाडून टाकणार."

"तारीख बदलून मागा ना, अण्णा."

"मागितली. म्हणाले, सोमवारी अहवाल द्यायचाय. आपल्याकडं दिवाळी एक दिवसाची असते, तिसऱ्या दिवशी कसली सुट्टी?"

मरगतम म्हणजे सत्तेचाळीस वर्षांची बाई, प्राथमिक शाळेत पंचवीस वर्षं काढलेली. पोरांनी कितीही दंगा केला तरी आवाज चढवायची नाही, नुसती फळ्यापाशी उभी राहायची, आणि वर्ग आपोआप गप्प व्हायचा. तशीच ती आता उभी राहिली.

भानगड अशी होती. गावाला नवी पाण्याची टाकी आणि नदीवरून नवी मोठी नळवाहिनी मिळणार होती. ती केवढी, ते माणसं किती यावर ठरायचं, आणि एकदा ठरलं की तीस वर्षं तेच. त्यासाठी नगरपालिकेनं शाळेच्या बाया कामाला लावून शिरगणती केली. आकडा निघाला एक लाख सहा हजार. दहा वर्षांपूर्वीच्या गणतीत होते अडतीस हजार. पाणी खात्यातल्या इळंगोवन साहेबांनी तो आकडा वाचला आणि सरळ परत पाठवला. त्यांच्याकडं एक तक्ता होता. पन्नास हजारांच्या आतलं गाव दहा वर्षांत किती वाढतं, लाखाचं किती, दहा लाखांचं किती, सगळं त्यात मांडलेलं. तक्त्याप्रमाणं वेळ्ळिपाळयमला पंचेचाळीस हजार माणसं असायला हवी होती. आता माणसांनी तक्ता वाचला नव्हता, त्याला कोण काय करणार?

साहेबांनी एक सवलत मात्र दिली होती. कुठलीही एक वस्ती मी स्वतः तपासतो, ती बरोबर निघाली तर सगळा आकडा मान्य, नाहीतर तक्ता. आणि वस्ती निवडली कदिर्वेल नगर. तिथं वाढ सगळ्यात अचाट दिसत होती. दहा वर्षांपूर्वी शहाण्णव माणसं, आता एक हजार सातशे एकतीस.

कदिर्वेल नगर मरगतमनं मोजलं होतं. आताचंही आणि दहा वर्षांपूर्वीचंही.

ते शहाण्णव तिला दहा वर्षं सलत होते. तेव्हा ती वही घेऊन दारोदार फिरली, प्रत्येकाला विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" आमच्याकडं कुणालाही हा प्रश्न विचारा, तो राहतो ते गाव कधी सांगणार नाही. बापजाद्यांचं सांगेल. वीस वर्षं इथं शिलाई मारणारा सांगेल कमुदी, इथंच जन्मलेली त्याची पोरगी सांगेल कमुदी. वर म्हणेल, "आम्ही इथले नाही हो, पोटासाठी आलोय, आज ना उद्या जाणार." मरगतम तेव्हा गणतीच्या कामाला नवी होती, नियमाला धरून होती. लिहिलेली नावंसुद्धा तिनं तांबड्या शाईनं खोडली आणि शेजारी लिहिलं, 'या गावचे नाहीत'. कदिर्वेल नगरच्या एकशेसाठ खोल्यांतून उरली शहाण्णव माणसं. बाकीच्या बायांनीही तसंच केलं. मग गावाच्या पाण्याचा वाटा ठरला अडतीस हजारांचा, आणि पाणी येऊ लागलं दर नवव्या दिवशी.

नवव्या दिवसाचं पाणी म्हणजे काय ते मरगतमला वर्गात दिसायचं. त्या दिवशी मुलींची बाकं अर्धी रिकामी. घरची मोठी माणसं कंपनीत गेलेली, नळावर उभं कोण राहणार? पोरी राहायच्या. नऊ दिवसांनी एकदा असं करत करत पाढे मागं पडायचे, वाचन मागं पडायचं, आणि सातवीनंतर पोरगी कंपनीत धागे कापायला बसायची. दरवेळी हजेरी घेताना तिला ती तांबडी शाई आठवायची. हे मी केलंय, ती स्वतःलाच म्हणायची. दुसऱ्या कुणी नाही, मी.

म्हणून या वेळी तिनं प्रश्नच बदलला. गाव विचारलं नाही. विचारलं, "आज सकाळी चूल कुठं पेटली?" लोक हसायचे. "हा काय प्रश्न झाला, टीचर? ही काय समोर पेटलीय." की ही लिहायला सुरुवात करायची. तरी काही जण हटून बसले. भीती अशी, की इथं नाव लागलं तर मूळ गावच्या मारिअम्मन देवीच्या देवळातल्या यादीतून नाव जाईल, मग जत्रेत मान नाही आणि मेल्यावर गावचा ढोल नाही. एकेका दारात तिनं तीन-तीन चकरा मारल्या. चपलांचे दोन जोड झिजवले. फक्त एक दार तिला शेवटपर्यंत उघडलं नाही.

"मी काय म्हणतो, टीचर," दुरैकण्णू म्हणाले, "आपण साठ हजार म्हणू. मधलं काहीतरी. साहेबही खूश, आपणही सुटलो."

"आणि उरलेल्या शेहेचाळीस हजारांनी काय प्यायचं? तुमचं 'मधलं काहीतरी'?"

"अहो, पण ते शहाण्णव तुमच्या हातचे आहेत! साहेबांनी विचारलं तर काय सांगणार? चूक कबूल केलीत तर कागद येईल तुमच्या नावानं."

"येऊ दे. वाचता येतं मला."

गुरुवारी सकाळी दहाला साहेब आले. पन्नाशीचे, सडपातळ, खिशात दोन पेनं, हातात त्यांचा तो तक्ता. माणूस वाईट नव्हता हो, फक्त कागदात वाढलेला. चहाचं दुकान बंद, म्हणून मरगतमनं घरून आणलेल्या बाटलीतून त्यांना पेलाभर पाणी दिलं. पेला अर्धाच भरला. साहेबांनी पेल्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि पाणी पिऊन टाकलं.

मग ते कदिर्वेल नगरात शिरले. खोल्यांच्या रांगाच रांगा, आणि दाराला कुलूप, दाराला कुलूप, दाराला कुलूप. दोऱ्यांवर कपडा नाही, रेडिओचा आवाज नाही. फटाक्यांचे तांबडे कागद तेवढे गल्लीभर उडत होते. सगळ्या वस्तीत मिळून पाच-सहा दारं उघडी असतील.

"तुमची सतराशे माणसं कुठं आहेत, टीचर?"

"गावी गेलीत, सार. सोमवारनंतर येतील."

"गावी." साहेबांनी तो शब्द तोंडात घोळवला. "म्हणजे त्यांचं गाव दुसरीकडं आहे. हेच तर माझं म्हणणं आहे. ही माणसं येतात, जातात. लहान गाव असं तिपटीनं वाढत नाही हो. मोठी शहरं वाढतात, लहान गावं त्यांना माणसं पुरवतात. हे माझं मत नाही, शंभर गावांचा अभ्यास आहे."

"कोइमतूरला खोली परवडेना म्हणूनच ती इकडं आलीत, सार. माणूस काही शहराचा आकार बघून येत नाही. काम कुठं आहे आणि पाठ टेकायला भिंत कुठं मिळते, ते बघून येतो. कंपनीवालाही तसाच. त्याला तिकडं जागा महाग झाली, तो इथं आला. त्याच्या मागनं हे आले."

"बोलायला ठीक आहे. पण हे बघा." त्यांनी जुनी वही उघडली. "याच वस्तीत दहा वर्षांपूर्वी एका शिक्षिकेनं घरोघर जाऊन शहाण्णव माणसं लिहिली. शहाण्णवाची सतराशे होतात? एक तरी वही खोटी आहे."

दुरैकण्णूंनी मागून मरगतमच्या पदराला हळूच ओढलं. तिनं पदर सोडवून घेतला.

"जुनी वही खोटी आहे, सार. ती मी लिहिलीय. माणसं समोर उभी होती आणि मी ती खोडली, कारण त्यांनी बापाच्या गावाचं नाव सांगितलं. मला अक्कल नव्हती. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पण त्या चुकीसाठी या लोकांना अजून तीस वर्षं नवव्या दिवशी पाणी देऊ नका."

साहेब गडबडले. आपली चूक अशी भर गल्लीत कबूल करणारं माणूस त्यांना सरकारी नोकरीत बहुतेक भेटलं नसावं. पण ते लगेच सावरले. "तेव्हा चुकलात, मग आता बरोबर आहात कशावरून? मला पुरावा पाहिजे. कुलपं मोजून मी माणसं धरू?"

"कुलपं नका मोजू. घागरी मोजा," मरगतम म्हणाली. "चला माझ्याबरोबर."

वस्तीच्या टोकाला तीन नळ. नळापासून रांग निघाली होती ती शाळेच्या कुंपणाला वळसा घालून पार रंगाच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत. रांगेत माणूस एकही नाही, नुसत्या घागरी. निळ्या, हिरव्या, नारिंगी प्लॅस्टिकच्या, मानेतून दोरी ओवलेल्या. आमच्याकडं खोलीमागं एक घागर कायम रांगेत असते. गावी जाताना माणूस दागिना शेजारणीकडं ठेवेल, पण घागर रांगेतच ठेवील, कारण ती काढली की परत आल्यावर शेवटचा नंबर.

आणि प्रत्येक घागरीवर खोलीचा आकडा, त्याखाली पांढऱ्या रंगाचे ठिपके.

"हे ठिपके कसले?" साहेबांनी वाकून विचारलं.

"डोकी आहेत ती!" मागून कुणीतरी खेकसलं. "हात लावू नकोस, रंग नाजूक असतो."

नळाच्या कट्ट्यावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर काठी. ती पोन्नुत्तायी. सगळी वस्ती तिला पाट्टी म्हणते, म्हणजे आजी. रंगाचा डबा तिच्या ताब्यात. माणशी दोन घागरी पाणी हा नळावरचा कायदा. मोठं माणूस असेल तर मोठा ठिपका, अंगावर पितं मूल असेल तर बारीक, त्याला एकच घागर. पाहुण्याला ठिपका नाही. पाहुणा सहा महिने टिकला, तर पाट्टी स्वतः जाऊन त्याचं अंथरूण बघून यायची आणि मग ब्रश बुडवायची.

"यात कुणी खोटा ठिपका मारला तर?" साहेबांनी विचारलं.

पाट्टी हसली. दात तीनच, पण हसू करकरीत. "मार की. मारून बघ. मागच्या घागरीवाली तुझ्या झिंज्या उपटेल. नवव्या दिवसाचं पाणी आहे बाबा, इथं सख्ख्या बहिणी एकमेकींची डोकी मोजतात."

साहेबांनी रांगेकडं टोकापर्यंत बघितलं. मग त्यांनी पँट घोट्यावर दुमडली, मरगतमची नवी वही मागून घेतली आणि रांगेतल्या शेवटच्या घागरीपासून सुरुवात केली. घागरीवरचा खोलीचा आकडा वाचायचा, ठिपके मोजायचे, वहीशी ताडायचे. खोली अकरा, चार ठिपके, वहीत चार. खोली बारा, पाच आणि एक बारीक, वहीत सहा. आधी म्हणाले पन्नास बघतो. पन्नास जुळल्या तेव्हा म्हणाले अजून पन्नास. मग त्यांना चेवच चढला. ऊन डोक्यावर आलं, शर्ट पाठीला चिकटला, पण माणूस वाकतोय आणि मोजतोय. दुरैकण्णू मागून छत्री धरून. मरगतमचा जीव मात्र टांगणीला लागला होता. वही लिहून तीन महिने झाले होते, आणि तीन महिन्यांत माणसं काय गप्प बसतात?

खोली दोनशे सातवर साहेब थांबले.

"वहीत सहा. घागरीवर पाच."

मरगतम पुढं आली. तिनं वही बघितली, घागर बघितली. सहाच लिहिले होते, ठळक अक्षरात.

"नीट बघ की," पाट्टी काठी टेकत आली. "सहावा खरवडलाय. डाग दिसत नाही? दोन महिन्यांमागं, आवणी महिन्यात, त्यांच्या पोरीचं लग्न झालं, ईरोडला गेली. वाजंत्री अजून वाजत होती, मी चाकू घेऊन दारात उभी. आई रडायला लागली, म्हणाली पाट्टी, निदान हळद तरी उतरू दे. म्हटलं, हळद उतरेपर्यंत दोन घागरी कुणाच्या बापाच्या?"

साहेबांनी बोट फिरवलं. पाच ठिपक्यांच्या शेजारी खरंच खरवडल्याची खूण होती. ते तसेच उकिडवे बसून राहिले आणि मग हळूच म्हणाले, "आमच्या वह्या दहा वर्षांनी बदलतात, टीचर. हे लोक लग्नाच्या मांडवात बदलतात." त्यांनी वहीत सहाचे पाच केले आणि पुढं सरकले.

दुपारी अडीचला रांग संपली. साहेबांनी बेरीज केली, परत केली. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"घागरी चारशे तेरा. वहीत खोल्या चारशे बारा. एक घागर जास्त आहे."

"पहिली," दुरैकण्णू पुटपुटले. "नळाला लागून आहे ती."

सगळ्यांत पुढची घागर पितळी होती, जुनी, पोचे आलेली. तिच्यावर एकच ठिपका. मरगतमला ती कुणाची ते ठाऊक होतं. तेच ते न उघडलेलं दार. पाट्टीनं आतूनच सांगितलं होतं, 'मला लिहू नकोस, मी इथली नाही, कमुदीच्या देवळात माझं नाव आहे.' मरगतमनं तीनदा विनवलं आणि सोडून दिलं. मागं तिनं उभ्या माणसांना खोडलं होतं, आता नको म्हणणारीला जबरदस्तीनं लिहिणं तिला जमलं नाही.

"ही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," पाट्टी म्हणाली.

"मग वहीत तुमचं नाव का नाही? तुमचं गाव कोणतं, आजी?"

मरगतमनं डोळे मिटले. हाच तो प्रश्न. दहा वर्षांपूर्वी तिनं विचारलेला. आता ही म्हातारी कमुदी म्हणणार. चारशे खोल्यांची डोकी जिनं रंगवली तीच म्हणणार की मी इथली नाही, आणि साहेब म्हणणार, बघा, मीच सांगत होतो. ठिपके, पेला, सकाळपासूनचं ऊन, सगळं पाण्यात.

पाट्टीनं तोंड उघडलं. बंद केलं. तिची नजर रांगेवरून गेली, कुंपणाच्या वळणापर्यंत.

"गाव," ती म्हणाली. "एकतीस दिवाळ्या झाल्या मला इथं. दरवर्षी म्हणते, पुढच्या वर्षी जाईन. मुलगा आहे तिकडं. या वर्षीही बोलावणं नाही." मग एकदम चिडली. "गाव कुठलं काय विचारतोस रे? तिकडं माझी घागर कुणी रांगेत धरून ठेवलीय का?"

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, पण लिहिलं नाही. वही आणि पेन दोन्ही मरगतमच्या हातात दिलं.

"एक गेली, एक आली," ते म्हणाले. "एक हजार सातशे एकतीसच. गावाचा आकडा मी तुमचाच लावतो, टीचर. तक्त्याचं काय करायचं ते माझं मी बघतो."

दुरैकण्णूंनी छत्री मिटायचं भान न राहून तशीच सावलीत उघडी धरली होती. मरगतम कट्ट्यावर पाट्टीच्या शेजारी बसली. तिनं वही गुडघ्यावर घट्ट दाबून धरली. पोन्नुत्तायी, तिनं लिहिलं. खोली एक. डोकी एक.

"वय काय लिहू, पाट्टी?"

"सत्तर लिही. जास्त असेल, पण सत्तर लिही." म्हातारी तिच्या खांद्यावरून वहीत बघत होती. वाचता येत नव्हतं, तरी बघत होती. तिनं काठीनं मरगतमच्या पायाला हलकेच टोचलं.

"आणि या वेळी खोडू नकोस."